मालकाने संघ नेला, मग मी कुणाची फॅन?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. ताई मूळच्या सांगलीकडच्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत गेल्या. व्हिसामुळे स्वतःला नोकरी करता येत नव्हती, ओळखीपाळखी नव्हत्या. एका बुधवारी शेजारणीने दोन डॉलरच्या तिकिटावर ओकलंडच्या कोलिझियम मैदानात नेलं आणि ताई ‘ओकलंड अ‍ॅथलेटिक्स’ या बेसबॉल संघाच्या, म्हणजे तिथल्या भाषेत ‘एज’च्या, कायमच्या झाल्या. पेन्सिल घेऊन स्कोअरबुक भरायला शिकल्या, पुढे मुलालाही शिकवलं. संघ जिंकला, हरला, पार रसातळाला गेला. ताई हलल्या नाहीत. पण २०२४च्या मोसमानंतर मालकाने संघच ओकलंडमधून हलवला. सध्या त्याचा मुक्काम सॅक्रमेंटोजवळ आहे आणि २०२८मध्ये लास व्हेगासला जायचा बेत आहे. ‘या माणसाच्या खिशात आता एक सेंटही टाकणार नाही’ अशी ताईंनी शपथ घेतली. इकडे मुलगा डेव्हिसला शिकायला. तिथून नवं मैदान गाडीने अर्ध्या तासाच्या आत. त्याने स्वतःच्या पैशाने आईचंही तिकीट काढलंय आणि ‘तू येणारच आहेस’ म्हणून बसलाय. ताईंचे मिस्टर म्हणतात, “हरणाऱ्यांच्या मागे आयुष्य घातलंस, आता तरी शहाणी हो, खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सना धर.” आणि २०२५च्या जुलैत एजच्या निक कर्ट्झ या पोराने एकाच सामन्यात चार होमरन मारले तेव्हा ताई सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवायला लागल्या, मग स्वतःचीच लाज वाटून टीव्ही बंद केला. त्या विचारतात: सामन्याला गेले तर ओकलंडशी बेइमानी होईल का? नाही गेले तर मुलगा दुखावेल, त्याचं काय करू? आणि मुळात, पन्नाशी उलटलेल्या बाईने एका बेसबॉल संघापायी इतकं रडावं, हे वेडेपण तर नाही ना?

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो तुम्ही पत्राच्या अगदी तळाशी, चोरून विचारल्यासारखा विचारलाय. वेडेपण नाही. पण ते का नाही, हे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण हे सदर वाचणाऱ्या बऱ्याच जणांना बेसबॉलचा मोसम म्हणजे काय प्रकरण असतं याची कल्पना नसते.

आपली कसोटी पाच दिवसांत संपते. आयपीएल दोन महिन्यांत आटोपते. बेसबॉलचा संघ मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. म्हणजे जवळजवळ रोज. हरल्याचं दुःख एका रात्रीचं, जिंकल्याचा आनंदही एका रात्रीचा. उद्या संध्याकाळी पुन्हा सामना आहेच. तुम्ही लिहिलंय की पोळ्या लाटताना ओट्यावर रेडिओ सुरू असायचा आणि मुलगा तिथेच टेबलावर गृहपाठ करता करता कान देऊन असायचा. परक्या देशातल्या त्या घरात वर्षातले सहा महिने, रोज तीनेक तास तो आवाज होता. तो बंद झाला की घर सुनं वाटणारच. याला क्रीडाप्रेमाचा अतिरेक म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे. मला तरी ही साधी, समजण्यासारखी पोकळी वाटते.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. ‘हरणाऱ्यांच्या मागे आयुष्य घातलंस.’ यावर तुम्ही पत्रात गप्पच बसलात, जणू ते खरंच आहे. मला नाही पटत.

तुम्ही ज्या काळात या संघाच्या नादी लागलात तो काळ आठवा. २००० ते २००३ अशी सलग चार वर्षं एज प्लेऑफमध्ये पोचले आणि चारही वर्षं पहिल्याच फेरीत, पाच सामन्यांच्या मालिकेत, अगदी पाचव्या सामन्यात हरले. २००१मध्ये तर न्यूयॉर्कला जाऊन यँकीजना पहिल्या दोन सामन्यांत हरवून आले आणि मग ओळीने तीन हरले. २००३मध्ये बॉस्टनविरुद्ध पुन्हा तेच. यँकीजच्या पैशापुढे ज्यांची तिजोरी अगदीच किरकोळ, असा हा संघ. दुसऱ्यांनी टाकून दिलेले, हिशेबाच्या वहीतून हुडकून काढलेले खेळाडू घेऊन तो श्रीमंतांच्या नाकी नऊ आणत होता. त्यावर पुढे पुस्तक आलं, सिनेमा आला. ४ सप्टेंबर २००२ची रात्र तुम्ही विसरला नसाल. सलग एकोणीस विजय झालेले, विसाव्यासाठी कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० अशी आघाडी. मग ती आघाडी हळूहळू वितळत ११-११. आणि शेवटच्या इनिंगमध्ये स्कॉट हॅटेबर्ग बदली म्हणून बॅट घेऊन येतो आणि होमरन मारून जातो. १२-११. कॅचर म्हणून कारकीर्द संपल्यामुळे ज्याला बाकीच्यांनी वाऱ्यावर सोडलं होतं, त्या खेळाडूचा तो फटका.

२०१२ची गोष्ट वेगळी नाही. जूनअखेर संघ तेरा सामन्यांनी मागे होता. मोसमाच्या शेवटच्या तीन दिवसांत टेक्ससला ओळीने तीनदा हरवून गटात पहिला आला. प्लेऑफमध्ये डेट्रॉइटकडून पाचव्या सामन्यात हरला, अर्थातच. पण सामना संपल्यावर कोलिझियममधली माणसं उठून गेली नाहीत. उभं राहून ‘लेट्स गो ओकलंड’चा गजर करत राहिली. आणि २०१४? कॅन्सस सिटीत आठव्या इनिंगला ७-३ अशी आघाडी, आणि बाराव्या इनिंगला ९-८ असा पराभव. असा सामना पाहिलेल्या माणसाला कुणी पराभव कसा पचवायचा हे शिकवू नये.

तेव्हा मिस्टरांना शांतपणे सांगा, हरण्याशी तुमचं कधी भांडण नव्हतंच. या खेळात सर्वांत चांगला संघही मोसमात साठेक सामने हरतो. तुम्ही रडताय ते हरल्यामुळे नाही. तुमच्या मनात दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या आहेत, आणि घरच्यांनी तर पहिलीच पाहिली आहे. एक, संघाचे चढउतार. दुसरी, मालकाने केलेला व्यवहार. पहिल्याला खेळ म्हणतात.

दुसऱ्याची सुरुवात संघ हलायच्या बरीच आधी झाली होती. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ९७ सामने जिंकलेला संघ होता हा. मग २०२२च्या मोसमाआधी मॅट ऑल्सन गेला, मॅट चॅपमन गेला, शॉन मनाया गेला. वर्षअखेरीला शॉन मर्फीही गेला. त्यांना दिलं आणि बदल्यात स्वस्तातली कोवळी पोरं घेतली. परिणाम: २०२२मध्ये १०२ पराभव, २०२३मध्ये ११२. याला मी उतार म्हणणार नाही. उतारावर माणूस घसरतो. इथे मुद्दाम खाली उतरवलं गेलं.

आणि इथेच तुमच्या पत्रातली एक ओळ मला सगळ्यात जास्त खटकली. ‘शेवटच्या वर्षांत आम्ही जास्त वेळा गेलो असतो, तर कदाचित...’ ताई, ही ओळ खोडून टाका. २०१९मध्ये साडेसोळा लाखांहून जास्त लोक कोलिझियममध्ये आले होते, तेही सांडपाण्याच्या गळतीसाठी बदनाम झालेल्या मैदानात. त्या वर्षीच्या एका प्लेऑफ सामन्याला ५४,००५ प्रेक्षक होते. खेळाडू विकून टाकल्यावर, २०२२मध्ये, तीच संख्या आठ लाखांच्याही खाली आली. आधी स्वयंपाकघर बंद करायचं आणि मग पंगतीला माणसं येत नाहीत म्हणून ओरडायचं, असा हा प्रकार. त्यातही १३ जून २०२३ला चाहत्यांनी उलटा बहिष्कार केला, म्हणजे ठरवून गर्दी केली. एरवी दहा हजारांच्या आसपास डोकी असायची तिथे २७,७५९ जमले. हजारोंच्या अंगात हिरवे टीशर्ट, त्यावर एकच शब्द: ‘सेल’. विकून टाक. पाचव्या इनिंगला पहिला फलंदाज खेळत असेपर्यंत अख्खं मैदान ठरवून चिडीचूप राहिलं आणि मग एका सुरात ‘सेल द टीम’चा गजर सुरू झाला. त्या दिवशी एजनी टँपा बेला २-१ असं हरवलं, सलग सातवा विजय. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने लास व्हेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सरकारी पैशाला मंजुरी दिली. नोव्हेंबरात सगळ्या संघांच्या मालकांनी मतदान केलं: ३० विरुद्ध शून्य. त्या तिसांपैकी एकालाही तुमची गर्दी दिसली नाही, ती कमी होती म्हणून नव्हे.

माझं मत विचाराल तर मालक जॉन फिशर यांनी ओकलंडशी वाईट वागणूक केली. शहराकडेही बोट दाखवणारे आहेत. बंदरावरच्या हॉवर्ड टर्मिनल या जागेवर नवं स्टेडियम उभारायचा बारा अब्ज डॉलरचा आराखडा दोन्ही बाजूंनी रखडला, हे खरं. तुमच्या फ्रीमाँटमध्येच स्टेडियम बांधायचा बेत २००६मध्ये जाहीर झाला होता, गावकऱ्यांच्या विरोधात आणि इतर भानगडीत २००९ला ते बारगळलं. मग सॅन होजे, तिथे जायंट्सनी हद्दीचा हक्क सांगून वाट अडवली. इतक्या वेळा जागा शोधून न मिळालेल्या माणसाची बाजू थोडीफार असतेच. पण जागा मिळत नसेल तर संघ विकताही येतो.

तेव्हा राग धरायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आता शपथेकडे येऊ.

बहिष्कार हे हत्यार आहे. निर्णय व्हायचा होता तोवर त्याला धार होती. आता मतदान झालं, करार झाले, लास व्हेगासला पायाभरणी झाली. तुम्ही एका सामन्याला गेलात किंवा नाही, त्याने त्या स्टेडियमची एक वीटही हलणार नाही. म्हणजे तुमची शपथ आता दबावासाठी उरलेली नाही, ती स्वतःच्या मानासाठी आहे. तीही मोठीच गोष्ट आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण स्वतःच्या मानासाठी घेतलेलं व्रत आपल्यापुरतं असतं. ते घरातल्या दुसऱ्याने पाळलं पाहिजे अशी अपेक्षा ठेवली की त्याचा जाच होतो. तुम्ही मुलाला उघड काही बोलला नाहीत, पण ‘तो इतक्या सहज कसा विसरला’ असं पत्रात लिहिलंत. तो विसरलाय असं मला वाटत नाही.

एक आठवण करून देते. हा संघ १९०१मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाला. कॉनी मॅक नावाच्या गृहस्थांनी पन्नास वर्षं तो सांभाळला आणि पाच जगज्जेतेपदं मिळवून दिली. प्रतिस्पर्ध्याने ‘पांढरा हत्ती’ म्हणून हिणवलं तेव्हा मॅकनी तोच हत्ती संघाचं चिन्ह केला. तुमच्या जर्सीच्या बाहीवर आहे तोच. १९५५मध्ये संघ कॅन्सस सिटीला गेला. तिथल्या तेरा वर्षांत एकदाही जिंकलेल्या सामन्यांची संख्या हरलेल्यांहून जास्त झाली नाही. तरी लोकांनी जीव लावला. आणि १९६८मध्ये तो ओकलंडला आला, म्हणजे कॅन्सस सिटीतून गेला. १९७२, ७३, ७४ आणि १९८९ची जेतेपदं ओकलंडने पाहिली तेव्हा फिलाडेल्फियातला कुणी म्हातारा आणि कॅन्ससमधली कुणी बाई तुमच्यासारखीच टीव्ही बंद करून बसली असेल. त्यांच्या तोंडचा घास होता म्हणून तुमचा आनंद खोटा होता का? नव्हता. मग सॅक्रमेंटोच्या गवतावर बसून कर्ट्झसाठी ओरडणाऱ्या दहा वर्षांच्या पोराचाही खोटा नाही. तुमच्या मुलाचं वय तुमच्या आणि त्या पोराच्या मध्ये आहे. लहानपण ओकलंडचं, आणि आता स्वतःच्या कमाईची पहिली तिकिटं सॅक्रमेंटोची. त्याला दोन्ही आपलं वाटू शकतं.

वाडा मालकाच्या नावावर असतो, त्याला तो पाडताही येतो. पण तिथे राहून गेलेल्या भाडेकरूंच्या बाळंतपणांची, भांडणांची, दिवाळ्यांची नोंद सातबारावर नसते. संघाचंही असंच. फिशर यांच्याकडे नाव आहे, हत्ती आहे, खेळाडूंचे करार आहेत. रिकी हेंडरसन ओकलंडच्या गल्ल्यांत वाढला, १९८२मध्ये एका मोसमात १३० बेस चोरले (म्हणजे समोरच्यांना चकवून पळत पुढचा बेस गाठला), कारकिर्दीत १,४०६. आजवर कुणी त्याच्या जवळपासही फिरकलेलं नाही. तो डिसेंबर २०२४मध्ये गेला, कोलिझियममधल्या शेवटच्या सामन्यानंतर तीन महिन्यांच्या आत. त्याला लास व्हेगासला कोण नेणार? आणि तुमची स्कोअरबुकं? बॅट न फिरवताच आउट झाला की उलटा के काढायचा, हे तुम्ही पोराला स्वयंपाकघरात शिकवलंत. ते कुठल्याही करारात बसत नाही.

म्हणून कर्ट्झसाठी वाजवलेल्या टाळ्यांची लाज सोडा. २५ जुलै २०२५ला ह्यूस्टनमध्ये त्याने सहापैकी सहा हिट मारले, त्यातले चार होमरन. नवख्या खेळाडूने एका सामन्यात चार होमरन मारायची ही बेसबॉलच्या इतिहासातली पहिली वेळ. वर्षअखेरीला तो एकमताने लीगचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. हे पाहून जिला हात उचलावासा वाटणार नाही ती बेसबॉलची चाहती कसली? त्याने कुणाचं शहर हिसकावलेलं नाही. त्याला निवडलं तेव्हा संघाचं जायचं ठरून गेलेलं होतं.

आता खेळाकडून व्यवहाराकडे. मुलाचं तिकीट काढून झालंय. ते पैसे गेले. तुम्ही न जाण्याने ते परत येत नाहीत, खुर्ची फक्त रिकामी राहते, आणि त्याच्या शेजारची राहते. माझा सल्ला: या एका सामन्याला जा. पण तुमच्या अटींवर, आणि त्या आधीच मोकळेपणाने सांगून. ‘मी तुझ्यासाठी येते. टोपी ओकलंडचीच घालीन. आत काहीही विकत घेणार नाही.’ डेव्हिसला दोघं पोटभर जेवून निघा. हिरवा ‘सेल’ टीशर्ट असेल तर तोही घाला, बरेच जण अजून घालतात. आणि स्कोअरबुक न्या. मैदान लहान आहे, चौदा हजारांचं, मुळात खालच्या लीगसाठी बांधलेलं. पल्याड नदी आणि टॉवर ब्रिज. खेळाडू कोलिझियमपेक्षा कितीतरी जवळून दिसतील. तुम्हाला कदाचित ते आवडेल, आणि आवडलं म्हणून पुन्हा लाज वाटेल. वाटू द्या, घरी येईपर्यंत जाते.

गेल्यावर अगदीच नको झालं, तर पाचव्या इनिंगला उठून या. मुलाला आधी सांगून ठेवा म्हणजे त्याला तमाशा वाटणार नाही. मात्र तिथे त्याच्याशी ओकलंडचा खटला लढवू नका. तो त्याला पाठ आहे, तुमच्याकडूनच.

जाता जाता एक गंमत. ते मैदान ज्यांच्याकडे आहे त्या मंडळींचे प्रमुख विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. २०१३मध्ये सॅक्रमेंटोचा बास्केटबॉल संघ किंग्ज सिॲटलला निघाला होता, तेव्हा यांनीच तो विकत घेऊन शहरात राखला. एका गावाचा संघ वाचवणाऱ्या माणसाच्या अंगणात आज दुसऱ्या गावचा उठवलेला संघ उतरलाय. यावर रागवायचं की हसायचं ते तुम्ही ठरवा. मी दोन्ही करून पाहिलं.

त्या एका सामन्यानंतर तिकिटाचे पैसे द्यायचे नसतील तर देऊ नका. सामने रेडिओवर ऐका. बातम्यांत फक्त खेळाचं पान वाचा, मालकाच्या मुलाखती नकोत. आणि एखादा मोसम पूर्ण सोडून द्यावासा वाटला तर तेही करा. २०२५मध्ये मे-जूनमध्ये हा संघ २१ पैकी २० सामने हरला, तेव्हा कित्येक निष्ठावंतांनी बंद केलंच होतं. शेवटी ७६ जिंकून ८६ हरला. परत येणाऱ्याला बेसबॉलमध्ये कुणी हजेरी विचारत नाही.

जायंट्सचं म्हणाल तर मिस्टरांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, फक्त कारण चुकीचं आहे. जिंकणारा संघ म्हणून पक्ष बदलायचा नसतो, आणि सॅन होजेची वाट कुणी अडवली ते तुम्ही विसरायची गरज नाही. पण तुमचा तिसऱ्या बेसवरचा लाडका चॅपमन आता तिथेच खेळतो. त्याला बघायला जाणं ही फितुरी नव्हे. आवडत्या खेळाडूमागे जाता येतं, झेंडा न बदलता.

आणि ओकलंडचं काय, हा जो तुमचा खरा सल आहे, त्याच्यावर मला सर्वांत बरा वाटणारा उपाय पश्चिम ओकलंडमध्ये आहे. रेमंडी पार्कवर २०२४पासून ओकलंड बॉलर्स खेळतात. पायोनियर लीग, म्हणजे मोठ्या लीगच्या कितीतरी खालची पायरी. खेळाडूंची नावं तुम्हाला माहीत नसतील. संघ उभा करणाऱ्यांनी चाहत्यांनाही भागभांडवल विकलं, त्यामुळे मालकीचा थोडा हिस्सा खुर्च्यांवर बसणाऱ्यांकडे आहे. २०२५मध्ये त्यांनी लीग जिंकली; १९८९नंतर ओकलंडच्या बेसबॉल संघाला मिळालेलं ते पहिलं जेतेपद. एजची जागा ते घेणार नाहीत, घ्यावी अशी अपेक्षाही ठेवू नका. पण शहरावर जीव असेल तर पैसे आणि संध्याकाळ शहरात खर्च करायची ही जागा आहे. कोलिझियममधले ड्रमवाले, झेंडेवाले, तुमच्या ओळखीचे चेहरे तिथे भेटायची शक्यता बरीच. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं चिवड्याचा डबा वाटून खाल्लात त्या उजव्या बाजूच्या बाकांवरच्या मंडळींचे फोन नंबर तुमच्याकडे आहेत ना? एकाला तरी करा. संघ गेल्यावर माणसंही आपोआप गेली असं तुम्ही गृहीत धरलंय, ते तपासून पाहिलेलं दिसत नाही.

हे वाचणाऱ्या पुणेकरांना या दुःखाची थोडी चव आहे. पुणे वॉरियर्स तीन मोसमांत गुंडाळलं गेलं. रायझिंग पुणे दोनच वर्षांसाठी होतं हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी २०१७चा अंतिम सामना मुंबईकडून एका धावेने हरल्यावर बऱ्याच घरी रात्री जेवणं झाली नाहीत. पुढच्या वर्षी संघच नव्हता, आणि तेच लोक मुकाट्याने चेन्नई नाहीतर मुंबईकडे वळले. त्यांना कुणी गद्दार म्हटलं नाही. अर्थात दोन वर्षं आणि सत्तावन्न वर्षं यांत फरक आहे. ज्यांना अशाच एखाद्या संघापायी चुटपुट लागून राहिली असेल, त्यांनीही आधी इतकंच करावं: आपल्याला दुःख नेमकं कशाचं आहे, हरण्याचं, मालकाचं, शहराचं की सोबतीच्या माणसांचं, हे वेगळं काढावं. चारांवरचे उपाय चार आहेत. मालकावरचा राग सोबतीच्या माणसांवर काढला जातो तो बहुधा हे वेगळं न काढल्यामुळे.

मिस्टरांशी या विषयावर वाद घालू नका. एकदा बॉलर्सच्या सामन्याला घेऊन जा, पार्किंगची कटकट त्यांच्यावर सोपवा.

तिकीट कुठल्या दिवसाचं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. जुलै-ऑगस्टचं असेल आणि दुपारचा सामना असेल तर मुलाला बदलून रात्रीचं घ्यायला सांगा. सॅक्रमेंटोचं ऊन ओकलंडच्या खाडीवरच्या वाऱ्यासारखं नसतं, सांगलीच्या मे महिन्यासारखं असतं.